कुत्रा चावलेल्या बाई

हिरा सिस्टर खोटं बोलायच्या आणि बोललेलं वहीत लिहून ठेवायच्या. मी खोडाळ्याच्या शाळेत शिक्षिका होते, त्या त्याच गावात नर्स होत्या, मूळच्या साखरशेतच्या. अंगाने काटक, चालणं भराभर आणि बोलणं त्याहून भराभर. वहीबद्दल विचारलं तर म्हणायच्या, "बाई, लबाडी करायची तर तारीख घालून करावी. खरं आपोआप ध्यानात ऱ्हातं. खोट्याला नोंद लागते."

माझी दोन गरोदरपणं तिसऱ्या महिन्याच्या आतच संपली होती. दोन्ही वेळा मी आनंदाच्या भरात आधीच गावभर सांगून बसले होते, त्यामुळे दोन्ही वेळा गावभराचं सांत्वन ऐकावं लागलं. कोणी म्हणे उष्णता, कोणी म्हणे पपई. सिस्टरांनी मात्र वेगळंच विचारलं, "तुमच्या वडलांकडच्या बायांची किती पोरं ठरली नायत?"

आत्याची तीन गेली होती. वडिलांच्या पायात दोनदा रक्ताची गाठ झाली होती.

"मग पपईला कशाला बोल लावता? मुंबईला जाऊन रक्त तपासून या."

तपासलं. रक्त लवकर गोठण्याचा दोष वडिलांकडून माझ्याकडे आला होता. जमीन सगळी भावाच्या नावावर झाली, मला वडिलोपार्जित एवढंच मिळालं.

तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा डॉक्टरांनी रक्त गोठू न देणारी सुई रोज पोटात घ्यायला सांगितली. मी सिस्टरांना म्हटलं, "या वेळी कोणाला कळू द्यायचं नाही. पुन्हा ती सांत्वनं ऐकायची माझ्यात ताकद नाही."

"नाय कळणार. पोर आधी पोटात ठरू द्या, मग गावात."

मधल्या सुट्टीत शाळेच्या कोठीत, तांदळाच्या पोत्यांआड आमचा कार्यक्रम चाले. दुसऱ्याच दिवशी शिपाई सखाराम नकाशा घ्यायला आत आला. "सिस्टर, बाईंना पोटात सुई कशाला?"

सिस्टरांनी मान वर केली नाही. "कुत्रा चावला."

तेव्हा कुत्रा चावला की पोटात चौदा सुया, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सखारामचं समाधान झालं. पण तो मोजत होता हे आम्हाला उशिरा कळलं.

"आज पंधरावी ना?" एक दिवस त्याने दारातूनच विचारलं.

"दुसरा चावला," सिस्टर म्हणाल्या आणि वहीत लिहिलं, 'कुत्रा दुसरा, काळा.' पुढच्या चौदा संपल्यावर मला माकडाने ओरबाडलं. बाईंचं रक्तच गोड, असं गावाने ठरवलं. पालक काठ्या घेऊन मला शाळेत पोचवायला लागले.

या सुयांनी रक्तातल्या प्लेटलेट घसरू शकतात, म्हणून मधून मधून रक्ताची नळी जीपने जव्हारला तपासणीला जाई. एकदा आकडा भलताच कमी आला. मी रडून घेतलं. सिस्टर चौकशी करून आल्या, तर नळीतलं रक्तच गोठलेलं होतं. "प्लेटलेट गाठीत अडकल्या, मोजणारा काय मोजणार? नळी नीट हलवाय पायजे होती." दुसऱ्या वेळी रक्त काढून त्या स्वतः जीपमध्ये बसल्या आणि जव्हारपर्यंत ती नळी जोजवत गेल्या. काय आहे म्हणून ड्रायव्हरने विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "कुत्र्याचं विष." सगळी जीप त्यांना जागा देऊन एका बाजूला सरकली. आकडा चांगला आला.

तिसरा महिना सरायला दहा दिवस उरले होते. शाळेतून बाहेर येते तो आंब्याच्या झाडाला तांब्या बांधलेला आणि भोवती काठ्या घेतलेली माणसं. तांब्या म्हणजे शाळेच्या ओसरीवर झोपणारा म्हातारा कुत्रा.

सिस्टर मध्ये उभ्या होत्या. "अरे, याच्या तोंडात दात तरी हायेत का?"

"दात नायत म्हणून तर दुसरा बोलवाय लागला," सखाराम म्हणाला. त्याचं म्हणणं सगळ्यांना पटलं. एकाने काठी उचलली.

मी तांब्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. "थांबा. मला कुत्रा चावला नाही. मला दिवस गेलेत."

सखारामने काठी खाली ठेवली आणि हळूच विचारलं, "आणि माकड?"

सिस्टर माझ्यावर आठवडाभर रागावल्या होत्या. "दहा दिवस दम धरवला नाय तुम्हाला." पण या वेळी कोणी पपईचं नाव काढलं नाही. काठीवाली माणसं मात्र रोज यायची. आता ती माझ्या वाटेत दगड दिसला की तो बाजूला करायची. सखाराम सुया मोजतच होता, सुट्टीच्या दिवशीही येऊन विचारायचा. मला मुलगी झाली.

गेल्या वर्षी सिस्टर वारल्या. त्यांच्या सुनेने ती वही मला आणून दिली. पानोपानी खोटंच होतं: कुत्रा पहिला, कुत्रा दुसरा काळा, माकड, जीपमधलं विष. त्याखाली लिहिलं होतं, 'आज बाई खरं बोलल्या. तांब्या वाचला.' आणि तळाशी, खऱ्याला नोंद लागत नाही म्हणणाऱ्या त्या बाईने माझ्या लेकीच्या जन्माची तारीख घातली होती. पुढे एवढंच होतं, 'पोर गावात ठरलं.'