सेप्टिक टँकवरची उडवी

भाताची झोडणी झाली आणि पेंढ्याची उडवी मी नेमकी सेप्टिक टँकच्या झाकणावर रचली. दोष जागेचा. घरामागे तेवढाच भाग सपाट, सिमेंटचा, जमिनीपासून वीतभर उंच. खालून ओल नाही, वाळवीचं भय नाही. आमच्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला अशी जागा रिकामी दिसली की त्याचे हात शिवशिवणारच. रचून झाल्यावर लांब उभा राहून मी उडवीकडे बराच वेळ पाहिलं आणि स्वतःवर खूश झालो.

गंमत अशी, की कर्जतच्या बाजारात माझं पाइप आणि नळांचं दुकान आहे. सेप्टिक टँकचा फिल्टर मी स्वतः विकतो. जाळीची लांब नळी असते ती. टाकीतलं पाणी शोषखड्ड्याकडे निघतं, त्या तोंडाशी उभी बसते आणि गाळ पुढे जाऊ देत नाही. ‘वर्षातून एकदा झाकण उघडा, वर ओढा, धुवा, परत बसवा’ हे मी झोपेतसुद्धा सांगेन. आमच्या फिल्टरला वर्ष होऊन गेलंय, हे मला सांगायला मात्र कुणी गिऱ्हाईक आलं नाही.

त्याच आठवड्यात सासूबाई खालापूरहून राहायला यायच्या होत्या. लेकीकडे जेवून संध्याकाळी परतायचं, मुक्काम करायचा नाही, हा त्यांचा जुना नेम. त्यात गुडघे धरलेले. बायकोनं कमोडचं नवं बाथरूम बांधून घेतलं ते त्यांच्यासाठीच. फोनवर पुष्कळ आर्जवं झाल्यावर त्या म्हणाल्या, “बघू. करमलं तर चार दिवस ऱ्हाईन.”

आणि त्या आल्या त्याच सकाळी कमोडमधलं पाणी खाली जाईना. गुडगुड करत वर आलं आणि तिथंच थांबलं. बायकोनं मला पडवीत ओढलं.

“आईला अजून कळलं नाय. कळलं तर दुपारच्या गाडीनं निघंल ती.”

“फिल्टर तुंबला असेल,” मी म्हणालो. “म्हणजे माल चांगला आहे. गाळ अडवतोय.”

“त्याचं कौतुक मागनं करा. झाकण कुठाय?”

मी उडवीकडे बोट दाखवलं. तिनं उडवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

सगळी उडवी उतरवली तर सासूबाई विचारणार, म्हणून मी खालूनच पेंढ्या उपसून झाकणापर्यंत बोगदा काढायचं ठरवलं. खांद्यापर्यंत आत गेलो असेन, तोच मागच्या दारातून आवाज आला.

“जावयबापू, काय हरवलंय वो पेंढ्यात?”

“काही नाही, आई. जागा बदलतोय.”

“खालनं? अवं, वरनं काढा! अंगावर येईल ती!”

मी बाहेर निघालो आणि उडवी मान टाकल्यासारखी एका बाजूला बसली. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी सगळं सांगून टाकलं. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला, पण हसू त्यात मावेना.

“संडासाच्या टाकीवर उडवी! आणि ह्ये तुमी दुकानात इकता?”

“हो.”

“मंग काडा की भायेर. बगू तरी कसा दिसतो.”

त्यांनी मागच्या अंगणात खुर्ची मागवली. मी पेंढ्या उतरवल्या, झाकण सरकवलं आणि काळाकुट्ट फिल्टर वर ओढला. घाण टाकीतच पडेल असा धरून पाइपानं धुतला, परत बसवला. आतून बायको ओरडली, “गेलं! गेलं पाणी!” एवढ्या आनंदानं तिनं माझ्या कुठल्याच कामगिरीची बातमी दिली नव्हती.

मला वाटलं, सुटलो. पण सासूबाईंनी आंब्याजवळची जागा दाखवली. आधी खाली ओंडके टाकायला लावले, मग पेंढ्या. अर्ध्यात आल्यावर “वाकडी चाललीय” म्हणून परत मोडायला लावली. चहा तिथंच घेतला. दुपारची गाडी कधी गेली, कुणाच्या लक्षातही आलं नाही. घरात जाताना त्यांनी गोठ्याकडे नजर टाकली आणि म्हणाल्या, “त्याचं उद्या बगू.”

रात्री मी कमरेला बाम चोळत बसलो होतो. बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली, अगदी खुशीत.

“आई होळीपर्यंत ऱ्हाते म्हणतेय,” ती म्हणाली. “गोठा झाला की आणखी काहीतरी बिघडवून ठेवा. तिला इथं चांगलं करमतंय.”