सिस्टर येऊन बसायच्या

“बसू का जराशी?” असं विचारायच्या आणि उत्तराची वाट न पाहता बसायच्या. तुमच्या गल्लीत कोणाला पाहून बायका दारं लावतात का? आर्णीत आमच्या गल्लीत चर्चच्या या सिस्टरना पाहून लावायच्या. मरणाऱ्याजवळ बसणं हेच त्यांच्या संघाचं काम. पण आम्ही उलटंच धरलं होतं, की सिस्टर बसल्या म्हणून माणूस गेला. खोटं कशाला सांगू, मीही कडी लावायची.

एकदा नळावर मी त्यांना तोंडावरच विचारलं, “तुमाले दुसरं काम नाही का वो?”

त्या हसल्या. म्हणाल्या, संघ काढणारी बाई शंभरेक वर्षांमागची, लांबच्या मुलखातली, गोरी. साथीत तिचा भाऊ बंद खोलीत एकटाच गेला. ती तेव्हा चर्चमध्ये त्याच्यासाठीच प्रार्थना करत होती. “तेव्हापासून आमचा नियम आहे, ताई. आधी जवळ बसायचं. प्रार्थना मागून.”

कापसानं सगळ्यांचंच कंबरडं मोडलं, ती वर्षं. आमचे हे कामाला होते ती जिनिंग बंद पडली, हे घरी बसले आणि बोलेनासे झाले. एका भर दुपारी सिस्टर दारात! माझं डोकंच फिरलं.

“आमच्या घरी कोणी बिमार नाही! कायले आल्या? निघा!”

त्या सरळ आत आल्या आणि मागच्या खोलीच्या बंद दाराला टेकून बसल्या. मला वाटत होतं, हे आत झोपलेत. मी बडबडून थकले, ऊन उतरलं, तरी बाई हलेना. मग आतली कडी निघाली. यांनी फवारणीच्या औषधाची बाटली सिस्टरच्या ओटीत ठेवली आणि ढसाढसा रडले. बाटलीचं बूच शाबूत होतं.

“तुमाले कळलं कसं?” मी पाय धरले.

“मला काय कळतं, ताई? पाय इकडे वळले.”

पुढे सिस्टर गेल्या त्या एसटीत, नेरच्या वाटेवर, बसल्या जागी. सगळ्यांजवळ बसलेली बाई एकटीच गेली, हे यांना सोसेना. जेवण सुटलं. पुन्हा खोलीत कडी लावून बसायला लागले. तेव्हा मी यांना ओढतच डेपोत नेलं आणि त्या गाडीच्या कंडक्टरला गाठलं.

“एकट्या कुठं होत्या?” तो म्हणाला. “बाजूले एक गोरी म्हातारी होती न, त्यायचा हात धरून. मी तिकिटासाठी आवाज देला, तं तिनं तोंडावर बोट ठेवलं. नेरले पाहतो तं म्हातारी नाही! गाडी तं मधात कुठं थांबलीच नव्हती.”

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. हे मात्र घरी येऊन पोटभर जेवले.