सोळा नंबरवाले

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. परभणीहून रात्रभर हाडं खिळखिळी करत पुण्याला जाणाऱ्या साध्या एसटीत एका म्हाताऱ्याने खिडकीतून टॉवेल टाकून जागा धरली होती. मी उभा दिसताच शेजारच्या जागेवरचं बोचकं त्याने मांडीवर घेतलं आणि मला बसवलं. गाडी सुटल्यावर फडकं सोडून ठेचा लावलेली अर्धी भाकरी माझ्या हातात दिली.

पुढच्या सीटवरच्याने वळून विचारलं, "बाबा, तुमी कोन लोक?" म्हणजे जात.

जागेवर रंगवलेला आकडा दाखवत म्हातारा म्हणाला, "आमी सोळा नंबरवाले, हे सतरा नंबरवाले. सकाळी पुन्यात उतरलो की तेबी न्हाई."

पुढचा हसला. मला हसता आलं नाही. म्हाताऱ्याने पाहिलं असेल का? पुढच्याच्या प्रश्नाला त्याचं उत्तर येईपर्यंत ती अर्धी भाकरी मी नुसती हातात धरून बसलो होतो.