सुलतानचा कप आणि कपाटातला एक्स-रे

आज सकाळी अंजूरचे दामूभाऊ आपल्या तीन वर्षांच्या लॅब्राडोरला टेम्पोतून माझ्याकडे घेऊन आले. त्याला मागच्या पायांवर उभंच राहता येत नव्हतं.

"ताई, तुमच्या सुलतानचंच रक्त हाय. इतक्या वर्षांत बाहेरचं न्हाय येऊ दिलं," ते अभिमानाने म्हणाले.

नव्वदच्या दशकात माझ्या सुलतान या लॅब्राडोरने डॉग शोमध्ये कप जिंकला. त्याच महिन्यात डॉक्टरांनी एक्स-रे दाखवून बजावलं होतं, "खुब्यात दोष आहे, तो पुढच्या पिढ्यांत उतरतो. याची पिल्लं घेऊ नका." मी कप दिवाणखान्यात मांडला, एक्स-रे कपाटात ठेवला आणि पिल्लं विकली. पहिलं दामूभाऊंनीच नेलं.

आजही मी त्यांना खरं सांगितलं नाही.

पिल्लू घेताना तुम्ही एक्स-रे मागता का? तेव्हा कुणी मागितला असता, तर मी दाखवला असता, असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही.