वहिनींचं दार

"लागलं, हे मी नाकारत नाही," मालक म्हणाले, "पण ओरडायची काय गरज होती?"

वहिनी ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या राहून चहा गाळत होत्या. कपाळावरचं टेंगूळ सकाळपर्यंत चांगलं लिंबाएवढं झालं होतं. भुवई उचलली की ते ठणकत होतं, म्हणून भुवई जागच्या जागी ठेवूनच त्यांनी विचारलं, की अख्खं दार कपाळावर आपटल्यावर माणसानं नेमकं काय करायचं असतं.

"गिळायचं," सासूबाई कोपऱ्यातल्या ट्रंकेवर बसल्या बसल्या म्हणाल्या. "माझ्या खांद्यावर झुंबर पडलं होतं, भर प्रवेशात. मी पुढचं वाक्य घेतलं."

ते झुंबर पुठ्ठ्याचं होतं. अजून माळ्यावर होतं. साफसफाईच्या वेळी वहिनी ते एका हातानं उचलून झटकत. पण सासूबाईंच्या तोंडी त्याचं वजन वर्षागणिक वाढत चाललं होतं आणि ते कमी करायची घरात कुणाची छाती नव्हती.

भांडण कालच्या प्रयोगापासून चालू होतं. परतताना ट्रकमध्ये झालं, घरी येऊन हातपाय धुताना झालं, आणि उरलेल्या आमटीसारखं सकाळी पुन्हा गरम करून पुढ्यात आलं. मालकांचं म्हणणं साधं होतं. तिसऱ्या अंकात एक परका माणूस एका ओसाड घरासमोर येतो. त्या घरात कित्येक वर्षं चिटपाखरू फिरकलेलं नाही, असं पहिल्या दोन अंकांत चारचौघांनी शपथेवर सांगितलेलं असतं. तो माणूस दार ढकलतो. आत काळोख, शांतता. प्रेक्षकांच्या अंगावर काटा यायचा तो इथं. काल त्या शांततेतून बाईमाणसाचा खणखणीत आवाज आला, "आई गं, मेले!" त्यानंतरचा सगळा अंक लोक हसत होते. शेवटी नायिका गेली तेव्हाही हसले.

"'मेले' नको होतं, वहिनी," दीर बिस्किट बुडवत म्हणाला. "नुसतं 'आई गं' असतं तर भूत म्हणून खपवलं असतं मी."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा. तो परका माणूस हा दीरच होता, आणि दार आपटलं होतं तेही त्यानंच.

वहिनी म्हणजे मालकांची बायको आणि त्यांच्या नाटक कंपनीचा कपडेपट सांभाळणाऱ्या. सगळी कंपनी त्यांना वहिनी म्हणायची, ट्रकचा ड्रायव्हरही, आणि कधी कधी बोलण्याच्या ओघात मालकसुद्धा. लग्न ठरताना मुलगा गोदामात कारकून आहे आणि नाटकाचा थोडा नाद आहे, असं सांगितलं होतं. गोदाम पहिल्याच वर्षी सुटलं. नाद राहिला, आणि तो थोडा नव्हता. वहिनींना शिवणकाम येतं हे कळल्यावर सासरच्यांना कोण आनंद झाला. लग्नाला आठवडा झाला नव्हता, तेव्हा त्यांनी एका अनोळखी माणसाचा कोट त्याच्या अंगावरच शिवला होता. त्याची एंट्री तोंडावर आली होती आणि तो म्हणत होता, टोचलं तरी चालेल, पण दोरा काळा घ्या.

तेव्हापासून घर आणि कंपनी यांच्यात आडपडदा उरला नाही. तालमी पुढच्या खोलीत. केसांचे टोप कपाटावर, ओळीनं, चोरून ऐकत बसल्यासारखे. जेवणाचं टेबल वकिलाचं ऑफिस म्हणून दौऱ्यावर गेलं आणि एक पाय आखूड करून परत आलं. भिंतीवरच्या घड्याळाचे काटे एका खुनाच्या प्रवेशासाठी चिकटवून टाकले होते. ते नाटक केव्हाच बंद पडलं, घड्याळ खुनाच्या वेळेवरच राहिलं. वहिनींची बहीण एकदा त्याच्यावर विसंबून गप्पा मारत बसली आणि तिची परतीची गाडी चुकली. ती बहीण नंतर आलीच नाही.

या सगळ्यावर वहिनी चिडल्या, बोलल्या, आणि पुन्हा सुईत दोरा ओवत राहिल्या. फक्त मागच्या बाजूच्या लहान खोलीसाठी त्या हटून बसल्या. पोटाचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी दुपारची विश्रांती सांगितली होती. खोली होती, पण तिला दार नव्हतं. मालकांनी मोठ्या प्रेमानं दरबाराच्या प्रवेशातला जांभळा मखमली पडदा लावून दिला. तो टिकला नाही, कारण नाटकवाल्यांना पडदा दिसला की तो सारून आत यायचं एवढंच कळतं. सासूबाई यायच्या त्यासुद्धा क्षणभर थांबून, मान उंच करून. शेवटी वहिनींनी बाहेरच्या शिलाईच्या पैशांतून सुतार बोलावला आणि सागवानी दार करून घेतलं. जाड, जड, आतून कडीचं.

दाराला एकच खोड होती. ते खाली फरशीला घासायचं. उघडायचं तर मूठ धरून जरा उचलायचं आणि गुडघ्यानं खालून एक ठोसा द्यायचा. घरातल्या सगळ्यांच्या गुडघ्यांना ते पाठ झालं होतं. वहिनींना ती खोड सोन्याहून पिवळी वाटायची, कारण ठोसा बसेपर्यंत आपण पदर सारखा करून उठून बसू शकतो. दुपारी जेवणं आटोपली की त्या आत जायच्या, कडी लावायच्या, आणि काही करायच्या नाहीत. कंपनीत कुणी वहिनींच्या सुखाबद्दल विचारलं असतं, तर त्यांनी हेच सांगितलं असतं. कुणी विचारलं नव्हतं.

काल वहिनी कपड्यांच्या ट्रंका घेऊन सकाळीच थिएटरवर पुढे गेल्या. इकडे घराच्या अंगणात ड्रायव्हरनं ट्रक मागे घेताना ओसाड घराचं दार चाकाखाली घेतलं. प्लायवूडचंच ते, पापडासारखं मोडलं. प्रयोग संध्याकाळी. दिरानं घरभर नजर फिरवली, आणि घरात दार म्हणण्यासारखं एकच होतं.

मंचाच्या मागे अंधारात वहिनी आपल्या ठरलेल्या जागी येऊन उभ्या राहिल्या तेव्हा त्यांना ते कळलं. त्यांची ठरलेली जागा म्हणजे ओसाड घराची भिंत. ती कापडाची. दार उघडलं की ती हलायची आणि दगडी वाडा धुण्यासारखा फडफडायचा. म्हणून त्या अंकात वहिनींना कपडेपटात काम नसतं हे हेरून मालकांनी त्यांना भिंतीमागे खांदा लावून उभं केलं होतं. एका प्रयोगापुरतं म्हणून. त्याला आता चार दौरे उलटले होते. तर काल त्यांनी खांदा लावला आणि नाकासमोर बघितलं, तर दाराला खिळा, खिळ्याला त्यांचीच मोजपट्टी लटकत होती. पलीकडच्या अंगाला हिरवा रंग फासला होता. त्याचा वास येत होता.

त्या काही बोलायच्या आत दीर पलीकडून आला. परका माणूस, आयुष्यात पहिल्यांदाच या दारापुढे उभा. त्यानं चेहरा ओढला, थरथरता हात मुठीकडे नेला. आणि मग मूठ धरून दार जरा उचललं आणि गुडघ्यानं खालून ठोसा दिला.

पण दार आता घासत नव्हतं. नाटकातल्या चौकटीत बसेना म्हणून दुपारी त्यानंच ते खालून चांगलं चार बोटं कापलं होतं. कापल्याचं डोक्याला ठाऊक होतं, गुडघ्याला नव्हतं. दार वाऱ्यासारखं आत आलं. वहिनींना मागे सरकता आलं नाही, कारण त्या सरकल्या असत्या तर भिंत गेली असती. विसरलेली वाक्यं सांगायला विंगेत पुस्तक घेऊन बसलेल्या सासूबाई दबक्या आवाजात एवढंच म्हणाल्या, "भिंत सोडू नकोस."

वहिनींनी भिंत सोडली नव्हती. याबद्दल अजून कुणी काही बोललं नव्हतं.

"कापायच्या आधी मला विचारायचं," त्या आता चहाचे कप टेबलावर ठेवत म्हणाल्या. आखूड पायाकडे टेबल कललं आणि चहा बशीत सांडला.

दीर म्हणाला की विचारणार कुणाला, तुम्ही तर पुढे गेला होता. मालक म्हणाले की झालं ते झालं, आता उगाळून काय उपयोग, उद्या पहाटे दौरा निघतोय, दोन महिने पंधरा गावं, आणि खरं सांगायचं तर ते दार मंचावर दिसतं छान. प्लायवूडला तो आवाज नाही. दौऱ्यापुरतं राहू दे. खोलीला तोवर तो जांभळा पडदा आहेच.

"आणि तू तरी कुठे असणार आहेस घरी?" सासूबाई म्हणाल्या. "तू दौऱ्यावर, दार दौऱ्यावर. रिकाम्या खोलीला कशाला हवं दार?"

बोलणं बरोबर होतं, आणि तेच वहिनींना जास्त झोंबलं.

तेवढ्यात ड्रायव्हर सामान चढवायला आला. दार पुढच्या खोलीत भिंतीला टेकून उभं होतं. तो त्याला हात घालणार, तर वहिनींनी त्याला सांगितलं की हे ट्रकमध्ये नाही, आधी मागच्या खोलीला बसव. ड्रायव्हरनं मालकांकडे पाहिलं, मग वहिनींच्या कपाळाकडे. पहिलं दार आपण मोडलं हे त्याला आठवत असावं. त्यानं निमूटपणे पाना-पेचकस आणला आणि बिजागऱ्या आवळून दिल्या. मालक म्हणाले, ठीक आहे, आजची दुपार घे हवं तर, पहाटे काढू. हे त्यांनी मोठ्या मनानं म्हटलं.

दुपारी वहिनी आत गेल्या. दार ओढून घेतलं. ते नखानं ढकलावं इतक्या सहज लागलं. कडी घातली आणि कॉटवर आडव्या झाल्या.

खाली चार बोटं फट होती. तिच्यातून पुढच्या खोलीतला उजेड आत पसरला होता, आणि उजेडाबरोबर सगळंच येत होतं. सासूबाई झुंबराची गोष्ट ड्रायव्हरला सांगत होत्या. दीर "आई गं" निरनिराळ्या आवाजांत म्हणून पाहत होता. नाटकात ते नव्यानं ठेवता येईल का, असं त्याचं चाललं होतं. मग फटीशी मालकांच्या चपला येऊन थांबल्या. अंगठ्याशी तुटलेल्या, वहिनींनीच टाका घातलेल्या.

"झोपलीस का?" चपलांनी विचारलं.

वहिनी आपणच घातलेल्या टाक्याकडे बघत राहिल्या.

"नाही, झोप झोप. मी काय म्हणतो, पहिल्या अंकातल्या शर्टाचं बटण गेलंय. पहाटे घाई होईल." मग फटीतून पांढऱ्या शर्टाची बाही आत आली. तिच्यामागून कॉलर, मग सगळा शर्ट, सरपटत, फरशीवरची धूळ गोळा करत. "उठू नकोस. पडल्या पडल्या लावलंस तरी चालेल."

चपला गेल्या.

वहिनी उठल्या. हात सवयीनं उशाखालच्या डब्याकडे गेला, सुई निघाली, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं झालं. मग त्यांनी शर्ट उचलून पाहिला. इतकी वर्षं लोक निदान ठोसा द्यायचे. आता तेवढंही नको होतं. दार लावलेलं असताना सगळं काही आत येऊ शकत होतं, आणि दोन महिने या पंधरा गावांत तर लावायलाही काही नव्हतं, फक्त धरून उभं राहायला एक भिंत होती.

सुई त्यांनी परत डब्यात ठेवली. शर्टाची नीट घडी घातली, कॉलर वर ठेवून, आणि कडी काढली.

पुढच्या खोलीत तिघंही आपापल्या जागी होते. ड्रायव्हर ट्रंक उचलायला वाकला होता, तो तसाच राहिला. वहिनींनी शर्ट मालकांच्या मांडीवर ठेवला.

"मी उद्या दौऱ्यावर येत नाही," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "दारही येत नाही. त्याला खालून पट्टी मारून घ्यायची आहे, सुताराला मी आज निरोप देते."

"अगं, आणि तिसरा अंक? भिंत कोण धरणार?" मालक म्हणाले.

"वाळूच्या पिशव्या ठेवा. त्या ओरडत नाहीत," वहिनी म्हणाल्या. "बटणं पितळी डब्यात आहेत. चार भोकांची घ्या, दोन भोकांची गळतात."