धडधाकट बुंदीची रक्ततपासणी

"किडनीचे आकडे वाढलेत," डॉक्टर म्हणाल्या आणि मी बुंदीकडे बघितलं. बुंदी त्या वेळी टेबलावरून मान लांब करून शेजारच्या टोपलीतल्या मांजरावर मनसोक्त भुंकत होती. डोळे चकचकीत, शेपटी वर. आजारी कुत्री इतक्या जोरात भुंकते का, असं मी विचारलंसुद्धा.

"काकू, किडनी बरीच बिघडेपर्यंत कुत्री काही दाखवत नाहीत. म्हणून तर ही तपासणी," डॉ. मेघना म्हणाल्या.

कागदावर लिहिलं होतं, क्रिएटिनिन २.९. स्नायूंच्या कामातून शरीरात जो कचरा तयार होतो, त्यातला हा एक. किडनी तो रक्तातून गाळून लघवीवाटे बाहेर टाकते. रक्तातच साचायला लागला, तर गाळणी नीट चालत नाही असं समजायचं. बुंदीसारख्या चौदा किलोच्या कुत्रीला तो दीडच्या आत हवा. हे सगळं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. बाकावर बसून ऐकलं.

बुंदी आमच्याकडे आली त्याला आठ वर्षं झाली. खडकवासल्याला कणीस खायला गेलो होतो, येताना कुत्रीचं पिल्लू घेऊन आलो. अंगावर पिवळट ठिपके, म्हणून बुंदी. कोथरूडमधला आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. घरात मी, माझे यजमान आणि सासरे. सासऱ्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो. वय एक्याऐंशी. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, पण शिस्तीतून नाही.

बुंदीच्या लसीच्या कार्डावर डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं होतं, की सहा वर्षांनंतर दरवर्षी रक्त, लघवी, दात आणि वजन तपासून घ्यावं. मी ते वाचून कार्ड परत पिशवीत घातलं होतं. धडधाकट जनावराला सुया कशाला टोचायच्या, हे माझं मत होतं आणि ते मी सोसायटीत चारचौघांना ऐकवलंही होतं.

यंदा मत बदललं ते नानांमुळे. सोसायटीत ज्येष्ठ नागरिकांसाठी आरोग्य तपासणी होती. नाना चहा-बिस्किटांसाठी गेले आणि मधुमेह घेऊन आले. त्यांनाही काही त्रास नव्हता. गेले नसते तर कळलंच नसतं. महिन्याभरानं बुंदीची रेबीजची लस आली, तेव्हा ते डोक्यात होतं. म्हटलं, होऊन जाऊ दे.

खरं सांगायचं तर एक खूण होती. बुंदी पाणी जास्त पीत होती. मी तिच्या भांड्यात दिवसातून चार वेळा पाणी भरत होते आणि उन्हाळा आहे म्हणत होते. तुमच्या घरातलं जनावर अचानक जास्त पाणी प्यायला लागलं, तर ऋतूला दोष देऊ नका, एवढं माझ्याकडून शिका.

दुसऱ्या दिवसापासून सलाइन. सकाळी नेऊन सोडायचं, पुढच्या पायात सुई, दुपारपर्यंत सलाइन, मग घरी. सलाइननं किडनी धुऊन निघते आणि कचरा बाहेर जायला मदत होते, असं डॉक्टरांनी सांगितलं. यजमानांचं ऑफिस हडपसरला, ते सातलाच घर सोडतात. त्यामुळे ने-आण माझ्याकडे. मी शाळेत शिकवते, तिथून रजा घेतली.

लघवीचा नमुना सकाळचा पहिला हवा होता. तो गोळा करायचा कसा, हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं. मी स्वयंपाकघरातला जुना डाव घेतला आणि कंपाउंडमध्ये बुंदीच्या मागे वाकून वाकून फिरले. पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ गॅलरीतून बघत होते. "काय हो, आज स्वयंपाक खालीच का?" म्हणाले. मी उत्तर दिलं नाही, कारण नेमकी त्याच क्षणी बुंदी बसली. नमुना मिळाला. डाव टाकून दिला.

लघवी पातळ निघाली, म्हणजे किडनी पाणी धरून ठेवत नव्हती. लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणारा आजार, त्याची तपासणी केली. तो नव्हता. सोनोग्राफीत खडे नव्हते. दातांवर थोडं किटण होतं, पण एवढा उत्पात करण्याइतकं नाही.

"काय काय खाते ही? सगळं सांगा," डॉक्टरांनी विचारलं.

मी अभिमानानं यादी सांगितली. सकाळी तिचं कोरडं खाणं, संध्याकाळी भात आणि अंडं, मधेच गाजर. मीठ नाही, मसाला नाही.

"द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट, कांदा?"

"छे हो. आमच्याकडे असलं काही देत नाहीत."

घरी येऊन मी यजमानांना विचारलं, ते नाही म्हणाले. मग नानांना विचारलं, "नाना, तुम्ही बुंदीला काही खायला देता का?"

"मी कशाला देऊ? तिच्या जेवणाच्या वेळा तुम्ही ठरवल्यात. मी एक घाससुद्धा देत नाही," नाना म्हणाले. नाना खोटं बोलत नाहीत. एसटीत जागा धरायला त्यांनी कधी खिडकीतून रुमालसुद्धा टाकलेला नाही. मी डॉक्टरांना तसं फोन करून कळवलं.

पण आकडा उतरेना. सलाइनच्या दुसऱ्या दिवशी ३.०. तिसऱ्या दिवशी ३.१. मी बाकावर बसून भिंतीवरचं जंतांच्या औषधाचं पोस्टर पाठ करत होते. पुण्याच्या दवाखान्यात माणसांच्या असो की जनावरांच्या, 'कृपया शांतता राखा' ही पाटी असतेच. इथल्या पाटीखाली एक लॅब्रेडॉर अखंड केकाटत होता आणि मला त्याचा हेवा वाटत होता. मलाही तेच करावंसं वाटत होतं.

तिसऱ्या दुपारी डॉक्टरांनी मला आत बोलावलं. "सलाइन चालू असूनही वाढतंय, हे मला आवडत नाहीये. हे क्रॉनिक असू शकतं, म्हणजे जुनं आणि कायमचं. तसं असेल तर थोपवता येतं, परत फिरवता येत नाही. मनाची तयारी ठेवा."

मी घरी आले आणि गॅसवर कुकर ठेवून रडले. दोन वर्षं ते कार्ड पिशवीत होतं. तेव्हाच रक्त तपासलं असतं, तर जुना आकडा हातात असता, बिघाड कधी सुरू झाला ते कळलं असतं. याला डॉक्टर 'बेसलाइन' म्हणतात, बरं असतानाचा आकडा. तो माझ्याकडे नव्हता, आणि का नव्हता ते मला चांगलंच ठाऊक होतं.

चौथ्या दिवशी डॉक्टरांना शस्त्रक्रियेसाठी जायचं होतं, म्हणून आम्हाला नेहमीपेक्षा लवकर बोलावलं. आम्ही निघालो तेव्हा नानांची पूजा चालू होती. मी बुंदीला गाडीत बसवतेय तोवर नाना सोवळ्यातच जिना उतरून आले. एक्याऐंशी वर्षांचा माणूस, तीन मजले, लिफ्टसाठीही न थांबता. हातात छोटी स्टीलची डबी.

"हिचा प्रसाद राहिला. तिथे दे. देवाला सांगितलंय मी," म्हणाले.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. डबी पर्समध्ये टाकली.

दवाखान्यात सलाइन सुरू झालं आणि मला डबी आठवली. झाकण उघडलं. बुंदी सुई लावलेल्या पायासकट उठून उभी राहिली आणि शेपटी हलवायला लागली. मी मूठ भरून तिच्या तोंडापाशी नेली, तेवढ्यात डॉक्टरांनी माझं मनगट धरलं.

"काय आहे हे?"

"प्रसाद."

"काकू, हे बेदाणे आहेत."

मी मुठीकडे बघितलं. बेदाणेच होते. अर्धी डबी भरून.

"रोज देता?"

त्या क्षणी सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं. नाना वर्षानुवर्षं देवाला खडीसाखर दाखवायचे. पूजा संपेपर्यंत बुंदी त्यांच्या खोलीत बसायची आणि एक खडा तिला मिळायचा. मला ते माहीत होतं. मधुमेह निघाल्यावर मी घरातली साखर, गूळ, खडीसाखर सगळं हलवलं, आणि नैवेद्याला काहीतरी हवं म्हणून मीच बेदाण्यांचं पाकीट आणून नानांच्या खोलीत ठेवलं. नानांना गोड बंद. नाना शब्दाचे पक्के. स्वतः एकही दाणा न खाता ते नैवेद्याच्या वाटीतले सगळे बेदाणे रोज बुंदीला देत होते. सलाइनच्या दिवशीसुद्धा, आम्ही निघायच्या आधी.

आणि तरीही ते खोटं बोलले नव्हते. प्रसाद म्हणजे खाणं, हे त्यांच्या मनातच नव्हतं. आमच्याकडे निर्जळी उपासालाही प्रसादाचा कण तोंडात टाकला, तर उपास मोडत नाही. मग तो जेवणाच्या यादीत कसा येणार? माझ्या यादीत तरी कुठे आला होता? डॉक्टरांनी बेदाण्यांचं नाव घेऊन विचारलं होतं आणि मी छे म्हणाले होते.

डॉक्टर रागावल्या नाहीत. "काही कुत्र्यांना बेदाणे खाऊन काहीच होत नाही, काहींची किडनी थोड्यांनीही बिघडते. कुणाची बिघडेल ते आधी सांगता येत नाही. बहुतेकदा लगेच उलट्या होतात, हिला झाल्या नाहीत. त्यामुळे शंभर टक्के हेच कारण, असं मी म्हणणार नाही. पण आजपासून बंद करा आणि बघू."

बंद केले. पाचव्या दिवशी २.७. सहाव्या दिवशी २.२. मी तो कागद तीनदा वाचला आणि शेजारी पग घेऊन बसलेल्या अनोळखी बाईंना दाखवला. त्यांना काही कळलं नाही, पण त्याही हसल्या.

नानांना सांगणं मात्र माझ्यावरच आलं. दुपारचं जेवण होऊ दिलं, मग सांगितलं. पाकीट मी आणलं होतं, चूक माझी आहे, हे आधी सांगितलं. नानांनी चष्मा काढून पुसला, परत घातला.

"म्हणजे माझ्या हातनं," म्हणाले.

"नाना, तुम्हाला काय माहीत?"

"माहीत नव्हतं म्हणून तिला कमी बाधलं का?"

दुसऱ्या दिवसापासून नाना पूजेच्या वेळी खोलीचं दार आतून लावून घ्यायला लागले. बुंदी बाहेर बसायची, नखांनी दार खरवडायची. नाना उघडायचे नाहीत. संध्याकाळी ती पायाशी येऊन बसली, तर ते हात मागे घ्यायचे. पूर्वी पेपर वाचताना एक हात तिच्या डोक्यावर असायचा.

शेवटी मी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. नाना टोपी काढून उभे राहिले आणि म्हणाले, "डॉक्टर, माझ्याकडून झालंय हे."

"आजोबा, बसा आधी," त्या म्हणाल्या. "तुम्ही ती डबी पाठवली नसतीत, तर मी हिला क्रॉनिक ठरवून जन्मभराच्या गोळ्या लिहून दिल्या असत्या. तुमच्यामुळे कारण सापडलं."

नाना टोपी मांडीवर ठेवून बसले. मग अर्जातली शंका विचारावी तसं त्यांनी विचारलं, "देवाला काकडी चालते. हिला चालेल का?"

"उत्तम चालेल."

त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. पण घरी दार बंदच राहिलं. आधी रिपोर्ट येऊ दे, एवढंच म्हणाले.

तुमच्या घरी कुत्रं-मांजर असेल तर एक काम आजच करा. घरातल्या प्रत्येकाला, कामाच्या मावशींना, शेजाऱ्यांना, वेगवेगळं गाठून विचारा. "खायला काय देता?" असं विचारू नका, त्याचं उत्तर माझ्यासारखंच खोटं मिळेल. दिवसभरात तुमच्या हातून त्याच्या तोंडात काय काय जातं, ते विचारा. आणि जनावर ठणठणीत असतानाच वर्षातून एकदा रक्त तपासून घ्या. त्या दिवशी मी लस टोचून तशीच परत आले असते, तर बुंदी उन्हाळाभर पाणी पीत राहिली असती आणि मी भांडं भरत राहिले असते. हा विचार अजूनही भाजी चिरताना मधेच येतो आणि माझा हात थांबतो.

सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त दिलं. रिपोर्ट त्याच दिवशी मिळणार होता, म्हणून आम्ही थांबलो. क्रिएटिनिन १.३. लघवीही व्यवस्थित. डॉक्टर म्हणाल्या, "किडनी सावरलीय. आता दर सहा महिन्यांनी नुसतं दाखवायला या." मी त्यांना थँक्यू म्हणायला तोंड उघडलं आणि रडायलाच लागले. बुंदी टेबलावरून माझी ओढणी चाटत होती.

बाहेर येऊन गाडीपाशी उभी राहिले आणि घरी फोन लावला. पहिल्याच रिंगला नानांनी उचलला.

"नाना, नॉर्मल आहे. सगळं नॉर्मल."

"नक्की?"

"नक्की. कागद हातात आहे माझ्या."

"बरं. हळू या दोघी, घाई नको. आंघोळ झालीय माझी, पण पूजा आज उशिरा करतो. तिला येऊ दे."