भाऊबीज, जॉर्जिया आणि कपाटावर राहिलेलं गाठोडं

दिवाळीला घरी थांबायचं नाही, हे मी आणि प्रमोदनं जूनमध्येच ठरवलं होतं. लोकांना सांगायला कारण सोपं होतं: ऑक्टोबर सरत आला की जॉर्जियातला सीझन संपतो, तिकिटं आणि खोल्या स्वस्त होतात, आणि मुलांना सुट्टीही असते. विचारलं त्या सगळ्यांना आम्ही हेच सांगितलं. खरं कारण आज इथं पहिल्यांदा लिहितेय.

आमचं लग्न एप्रिलात झालं, दोघांचंही दुसरं. प्रमोदची वेदिका अकरा वर्षांची. तिची आई तीन वर्षांपूर्वी आजारपणात गेली. माझा सोहम सहा वर्षांचा. माझा घटस्फोट झाला तेव्हा तो नीट चालतही नव्हता. सोहमनं पहिल्याच दिवशी वेदिकाला दीदी करून टाकलं. वेदिका त्याच्याशी बरी वागायची, पण पाहुण्याच्या पोराशी वागावं तशी. आणि मला तर ती हाकच मारत नव्हती. काही हवं असलं की जवळ येऊन उभी राहायची, मी वर बघेपर्यंत.

दिवाळी म्हणजे अजिंठ्याला प्रमोदच्या घरी सगळं गणगोत जमणार. भाऊबीजेला पंचवीस माणसांसमोर पाट मांडला जाणार, आणि ओवाळते का बघू पोरगी, म्हणून सगळे टकमक बघणार. त्या लेकराला तिथं उभं करायचं माझ्या जिवावर आलं होतं. आणि खरं सांगू? तिनं नाही ओवाळलं तर पाटावर बसलेल्या सोहमचं तोंड बघायची माझ्यात हिंमत नव्हती. म्हणून पळ काढला. पळून कुठं जायचं, तर परदेशात. आमच्या पुंडलिकनगरातल्या शेजारणी म्हणाल्या, बाई, लई हौस तुला.

सासूबाई फोनवर म्हणाल्या, "दिवाळीत घराला कुलूप लावतंय का कोणी?" मग दोन दिवस बोलल्याच नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी अजिंठ्याहून येणाऱ्या एसटीतून सहा किलो फराळ पाठवून दिला. रागावल्या की त्या असंच करतात.

आता तयारीचं सांगते, कामाचं आहे. व्हिसा ऑनलाइन मिळतो, पण मुलांचेही वेगळे अर्ज भरावे लागतात आणि फोटोचा आकार चुकला की अर्ज परत येतो. आमचा दोनदा आला. तुमचंही घर आमच्यासारखं जोडलेलं असेल तर कागद जवळ ठेवा. सोहमच्या वडिलांचं संमतीपत्र मी नोटरी करून घेतलं होतं. थंडीचे कपडे इथल्या शहागंजच्या बाजारात स्वस्तात मिळाले. ऑक्टोबरात स्वेटर मागितला म्हणून दुकानदारानं आधी मला नीट निरखून घेतलं.

आणि सामानाचं वजन. मी गणित शिकवते, त्यामुळं हे खातं माझ्याकडं. माणशी वीस किलो, हातातली बॅग सात. मी हुकाचा काटा घेऊन चारही बॅगा टांगून बघितल्या. बाकीचा फराळ बसला, शंकरपाळे कुठंच बसेनात. वेदिकानं हातातली बॅग स्वतः भरली होती, तीही मी उघडली. तळाशी जुन्या ओढणीत बांधलेलं एक जड गाठोडं होतं. चाचपून बघितलं, पितळ लागलं हाताला. भातुकली असेल, असं मनाशी धरलं. अकरा वर्षांची घोडी झाली, भातुकली कशाला न्यायची तिकडं? गाठोडं न उघडता कपाटावर ठेवून दिलं आणि त्या जागी शंकरपाळ्यांचा डबा बसवला. काटा बरोबर सातवर आला. मला फार शहाणं वाटलं.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी निघालो. समृद्धी महामार्गावरून मुंबई पाच-साडेपाच तासांत येते, फक्त वाटेत खायच्या भरवशावर राहू नका, दशम्या बांधून घ्या. विमानतळावर चार पासपोर्ट आणि तीन आडनावं बघून अधिकाऱ्यानं मान वर केली. माझ्याकडं बोट करून त्यानं वेदिकाला विचारलं, "ये कौन हैं?"

"हमारे साथ हैं," वेदिका म्हणाली.

तिनं खोटं काही सांगितलं नव्हतं. तरी विमानात बसेपर्यंत मी ते तीन शब्द मनात घोळवत राहिले. प्रमोदनं नुसता माझा हात दाबला.

तिबिलिसी मुलांना घेऊन फिरायला फार सोपं शहर आहे. नदी, चढउताराच्या गल्ल्या, लाकडी सज्जांची घरं, आणि या दिवसांत रस्तोरस्ती पिवळ्या पानांचा खच. सोहमला पानं तुडवायचं वेडच लागलं. लारी हे तिथलं चलन, एक लारी म्हणजे तीस-बत्तीस रुपये. मातीच्या भट्टीच्या आतल्या अंगाला चिकटवून भाजलेली लांब रोटी दीड-दोन लारीत मिळते, चौघांचा नाश्ता होतो. आपल्या शहरात बुढ्ढीलेनच्या गल्लीत तंदुरी रोट्या लावतात ना, तसंच वाकून लावतात. शाकाहारी माणसांनी घाबरू नये: चीज भरलेली खाचापुरी, बटाट्याच्या नाहीतर अळंबीच्या, मोदकासारख्या उकडलेल्या खिंकाली, आणि मातीच्या भांड्यातला राजमा. राजम्यावर प्रमोदनं अजिंठ्याचं तिखट भुरभुरलं आणि मग त्याचं पोट भरलं.

खोलीत पोचल्यावर वेदिकानं बॅग उघडली. तळापर्यंत हात घातला, पुन्हा घातला, सगळे कपडे काढले आणि परत घडी घालून ठेवले. मी विचारलं, काय हरवलं गं? काही नाही, म्हणाली. मला वाटलं, केसांचं काहीतरी असेल.

नरकचतुर्दशीचं अभ्यंगस्नान मात्र असं झालं की आमच्या घरात आता पिढ्यान् पिढ्या सांगतील. तिथं जुन्या शहरात जमिनीतून गंधकाचं गरम पाणी येतं आणि त्यावर घुमटांची हमामं बांधलेली आहेत. तासावर खाजगी खोली मिळते. सकाळी लवकर गेलं की गर्दी नसते, तेही सीझन नसताना. आदल्या दिवशी नाव सांगून ठेवा. मी मुलांना घेऊन आधी गेले, प्रमोद बाहेर थांबला. तेल, उटणं सगळं नेलं होतं. पाण्याला अंड्यासारखा वास येतो, आणि सोहमनं तो कुणाचा आहे यावरून माझ्यावर आळ घेतला.

सोहमला मी खसाखसा उटणं लावलं. वेदिकानं तळहात पुढं केला, त्यावर घातलेलं उटणं घेऊन ती कोपऱ्यात स्वतःचं स्वतः लावत बसली. मग थोड्या वेळानं ती आली आणि माझ्याकडं पाठ करून उभी राहिली. पाठीला तिचा हात पोचत नव्हता. मी हळूहळू लावत राहिले, पाठ केवढीशी, उटणं संपलं तरी लावत राहिले. हललो नाही आम्ही दोघीही. बाहेर आल्यावर प्रमोदनं विचारलं, डोळे का लाल? गंधकानं, म्हटलं.

पाडव्याला गाडी करून सिघनाघीला गेलो. दोन तासांचा रस्ता, गिया नावाचा ड्रायव्हर, एकशेवीस लारी ठरले होते. डोंगरावरचं तटबंदीचं गाव, खाली द्राक्षांचं खोरं आणि पलीकडं बर्फाचे डोंगर. द्राक्षं काढून झालेली, वेलींची पानं तांबडी. सीझन संपल्यामुळं अर्धी हॉटेलं बंद होती, पण आमच्या गेस्टहाऊसची मालकीण नानुली, साठीची बाई, स्वतः रांधून वाढायची. परसात एकही पान नसलेली झाडं आणि त्यांना लगडलेली केशरी फळं. फळाला तिकडं खुरमा म्हणतात, इंग्रजीत पर्सिमॉन. सोहमनं पुंडलिकनगरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, मग ईदला शेजारच्या खालांकडं मिळतो तो शीरखुर्मा कुठाय?

भाऊबीजेच्या दिवशी सकाळी मी काहीच बोलायचं नाही असं ठरवलं होतं. ओवाळायचं तर तिनं आपण होऊन. पण सोहमला कसं गप्प करणार? तो अंघोळ करून, डोक्यावर लोकरी टोपी चढवून, नानुलीच्या जेवणघरातल्या गादीवर मांडी घालून बसला. तिबिलिसीच्या जुन्या बाजारातून घेतलेली घुंगराएवढी घंटा कागदात गुंडाळून मुठीत धरली होती. दीदीची ओवाळणी.

वेदिका दारात उभी राहिली. मग नेहमीसारखी माझ्याजवळ आली आणि मी बघेपर्यंत थांबली.

"माझ्या बॅगेत गाठोडं होतं," ती हळूच म्हणाली. "त्यात आईचं निरांजन होतं. आई मामाला त्यानंच ओवाळायची."

मी म्हटलं, "ते मी काढलं, वेदू. वजनासाठी. उघडून बघितलं नाही मी."

"माहितीय. शंकरपाळे दिसले ना." मग म्हणाली, "बाबांना नका सांगू. ते तुम्हाला रागावतील."

चार दिवस ही पोर हे पोटात घेऊन पानं तुडवत फिरत होती. मी तिला लोकांच्या नजरेपासून वाचवायला इतक्या लांब आणलं, आणि ती सोहमला ओवाळायची तयारी घरूनच करून निघाली होती. ती तयारी मी माझ्या हातानं बाहेर काढली, चार मुठी शंकरपाळ्यांसाठी. एवढी लाज मला आयुष्यात वाटली नाही. मी तिथंच खाली बसले आणि तिला म्हटलं, चुकलं माझं. बाबांना मीच सांगते.

नानुलीला काय कळलं देव जाणे, तिनं चर्चमधली बारीक मेणबत्ती आणून पुढं केली. वेदिकानं ती घेतली, तिला थँक्यू म्हटलं आणि खिडकीत लावली. ओवाळलं मात्र नाही. सोहमचा ओठ थरथरायला लागला तशी ती त्याच्यापुढं बसली आणि म्हणाली, घरी गेल्यावर. सोहमनं विचारलं, नक्की? ती म्हणाली, नक्की. त्यानं मूठ काही उघडली नाही.

प्रमोदला सांगितलं. तो रागावला नाही, पण बराच वेळ तटावर एकटाच उभा राहिला. मग मी सासूबाईंना फोन लावला आणि त्यांनाही खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुळशीच्या लग्नापर्यंत चालती भाऊबीज. पाट काय पळून चाललाय व्हय?"

उरलेले दिवस भराभर गेले. मठ बघितला, अक्रोडाच्या माळा द्राक्षाच्या रसात बुडवून वाळवतात त्या खाल्ल्या, एक दिवस नुसता पाऊस झाला आणि चौघंजण शेगडीपाशी पत्ते खेळलो. तुम्ही जाल तर सिघनाघीला दोन नाही, तीन रात्री ठेवा. फराळातला बराचसा नानुलीला दिला. चिवड्यातली तिखट मिरची तिनं पाणी न पिता खाल्ली.

घरी पोचलो त्या दिवशी बॅगा दारातच टाकून मी स्टूलवर चढले आणि गाठोडं काढून वेदिकाच्या हातात दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ते स्वयंपाकघराच्या ओट्यावर सोडलं. छोटं पितळी निरांजन, आणि गोळ्यांच्या रिकाम्या डबीत दोन फुलवाती, तुपानं पिवळ्या पडलेल्या.

"आईनं केलेल्या," ती म्हणाली. "एवढ्याच राहिल्यात."

तिनं डबीकडं बराच वेळ बघितलं आणि झाकण लावून टाकलं.

"ह्या ठेवते. तुम्ही करा एक."

आता खरं सांगायचं तर मला फुलवाती करता येत नाहीत. मी बाजारातलं पाकीट आणते. तसं तिला सांगून टाकलं. तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी वर्गात पाढा न येणाऱ्या पोराकडं बघते. मग कापूस आणला, माझ्याशेजारी स्टूल ओढून बसली, आणि माझी बोटं धरून शिकवायला लागली. असा पसरायचा, असं टोक वर घ्यायचं, थोडं दूध लावून वळायचं. तिला तिच्या आईनं शिकवलं होतं. माझी पहिली वात भोपळ्यासारखी झाली, दुसरी लोळायला लागली. तिसरी तिनं पास केली, नाइलाजानं.

त्या वेड्यावाकड्या वातीनं ओवाळलं तिनं सोहमला. तो पाटावर तीच लोकरी टोपी घालून बसला होता, नोव्हेंबरातल्या पुंडलिकनगराच्या उकाड्यात, घामानं निथळत. घंटा ताटात पडली तेव्हा कुठं त्याची मूठ सुटली.

हाक ती मला अजूनही मारत नाही. जवळ येऊन उभी राहते. फक्त हल्ली अगदी खेटून उभी राहते, आणि मी मुद्दामच जरा उशिरा वर बघते. आईच्या दोन वाती डबीत तशाच आहेत. त्या डबीशेजारी तिनं दुसरी डबी ठेवलीय, माझ्या वातींची, आणि रोज एक करून दाखवावी लागते.